डब्याचे परतीचे भाडे

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक ठराव आहे. जहाजावरचा एक जुना, वीस फुटी कंटेनर विकत घ्यावा आणि इमारतीचा पुनर्विकास होईपर्यंत पुस्तके त्यात ठेवावीत, असा. या ठरावावरून सभासदांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "सरस्वतीला काय पत्र्याच्या डब्यात कोंबायची?" दुसरा म्हणतो, "मस्त रंग देऊ, खिडक्या काढू, एसी बसवू, पेपरात फोटो येईल." माझे मत या दोघांशीही जुळत नाही. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि त्यातली दोन चहावाला येण्यात जातात. म्हणून जे म्हणायचे आहे ते इथे सविस्तर लिहिते.

ज्यांना आमचे वाचनालय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे. डोंबिवली पूर्वेला एका तीन मजली जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, साधारण नऊ हजार पुस्तके, आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे असणारे दार. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्यांच्या पंगतीत आम्ही बसत नाही. पण आमच्या गल्लीतल्या दोन-तीन पिढ्यांनी पहिली गोष्टीची पुस्तके इथून नेली, एवढे नक्की.

आता ती इमारत धोकादायक ठरली आहे. आपल्याकडे दर पावसाळ्याआधी महापालिका अशा इमारतींची यादी काढते आणि दरवर्षी ती वाचून आपण पान उलटतो. पण एप्रिल २०१३ मध्ये शीळ-डायघरला इमारत कोसळून ७४ माणसे गेली आणि जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीला ९. त्यानंतर "बघू पुढच्या वर्षी" म्हणण्याची हिंमत कोणाला होऊ नये. इमारत पाडायची हे ठरले आहे आणि ते योग्यच आहे. वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांना बिल्डर भाडे देणार आहे. वाचनालयाला नव्या इमारतीत जागा मिळेल असे करारात आहे, पण मधल्या वर्षांचे काय याबद्दल त्यात एक ओळही नाही. म्हणून हा कंटेनर.

इतर वाटा आम्ही चाचपून पाहिल्या. पहिली म्हणजे भाड्याची खोली. मी घरच्या वजनकाट्यावर पन्नास पुस्तके ठेवून सरासरी काढली, ती साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आली. म्हणजे नऊ हजार पुस्तकांचे तीन टनांहून जास्त वजन. दहा बाय बाराच्या खोलीत ते सगळे रचले तर दर चौरस मीटरला पावणेतीनशे-तीनशे किलो पडतात. राहत्या घराची स्लॅब मात्र भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने बांधतात. एका धोकादायक इमारतीतून निघून दुसरी धोकादायक करायची, यात शहाणपण नाही. शिवाय अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी मालकाची मनधरणी आणि दरवर्षी तीन टनांची हमाली.

दुसरी वाट, सभासदांनी शंभर-शंभर पुस्तके घरी सांभाळायची. कल्पना प्रेमळ आहे. पण पुस्तक नेणारा आणि परत आणणारा माणूस नेहमी एकच असतो असे नाही, हे ग्रंथपालाला विचारा. तिसरी वाट, सगळा संग्रह एखाद्या मोठ्या वाचनालयाला देऊन टाकायचा. त्यात पुस्तके वाचतील, पण गल्लीतले संध्याकाळचे दार कायमचे बंद होईल. म्हणून मी कंटेनरच्या बाजूची आहे. मात्र कशासाठी आणि किती काळ, ते आधी लिहून ठेवायला हवे.

कंटेनर आपल्या भागाला नवा नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर आपली रिक्षा ज्याच्या मागे अर्धा तास अडकते, तोच तो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' जहाजावर असे ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि जगाचा व्यापार बदलला. त्याआधी मुंबईच्या गोदीत पोती, पेट्या, गासड्या माणसांच्या पाठीवरून चढत-उतरत. डबा आला आणि यारीने एका झटक्यात उचलला जाऊ लागला. कितीतरी पाठी वाचल्या आणि कितीतरी हातांचे काम गेले, दोन्ही खरे. १९८९ साली न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि डब्यांचा राबता मुंबई बंदरातून खाडीपलीकडे सरकला. आज उरण, पनवेल, कळंबोलीच्या रस्त्यांना जी रंगीत डब्यांची चळत दिसते ती त्याचीच.

असा डबा समुद्रावर साधारण बारा-पंधरा वर्षे काम करतो. मग जहाज कंपनी त्याला सेवेतून काढते. जमिनीवर उभे राहायला तो अजून धडधाकट असतो, म्हणून बाजारात येतो. वीस फुटी डबा बाहेरून वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. आतली जागा सुमारे तेहतीस घनमीटर आणि रिकामे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. तीन टन पुस्तके त्याच्या खिजगणतीतही नाहीत, कारण समुद्रावर तो वीस-पंचवीस टन माल घेऊन आठ-आठ थरांच्या खाली उभा राहिलेला असतो. मी हिशेब केला. चाळीस बाय तीस बाय तीस सेंटिमीटरच्या खोक्यात पस्तीस पुस्तके बसतात. नऊ हजारांना अडीचशेच्या वर सात-आठ खोकी. डब्याचा एक तृतीयांशही भरत नाही. उरलेल्या जागेत आमची लोखंडी कपाटे आणि देवघेवीचे टेबल जाईल.

माझा एक जुना विद्यार्थी कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. त्याच्याबरोबर जाऊन मी एक यार्ड बघून आले. तिथे डबे तीन प्रकारांत विकतात. पुन्हा जहाजावर चढवता येईल असा, वारा-पाणी आत न येणारा, आणि 'जसा आहे तसा'. आम्हाला मधला पुरे. तो ओळखायची रीत त्याने दाखवली. आत जाऊन दोन्ही दारे बाहेरून लावून घ्यायची. डोळे अंधाराला सरावले की छताकडे आणि कोपऱ्यांकडे पाहायचे. "बाई, आत चांदण्या दिसल्या तर डबा सोडायचा," तो म्हणाला. उजेडाचा ठिपका आत येतो तिथून जुलैत पाणी येणार, इतके सरळ आहे.

बाहेरचा गंज पाहून घाबरायचे नाही, असेही तो म्हणाला. हे पोलाद वेगळे असते, वरचा गंजाचा थर त्याला काही काळ सांभाळतो. घाबरायचे ते चार कोपऱ्यांचे खांब वाकलेले असले तर, तळाच्या आडव्या पट्ट्या खाल्लेल्या असल्या तर, आणि दाराचे रबर फाटलेले असले तर. आणि वास घ्यायचा. आतली जमीन इंचाहून जाड प्लायवूडची असते आणि कीड लागू नये म्हणून तिला औषध मुरवलेले असते. शिवाय बारा-पंधरा वर्षांत त्या डब्यातून काय काय गेले, कुठले रसायन सांडले, हे कोणी सांगणार नाही. ज्यात तिखट वास येतो तो डबा कितीही स्वस्त असो, पुस्तकांसाठी घेऊ नये. पुस्तके वास धरतात आणि वाचणारी मुले पुस्तके नाकाशी धरतात.

आता कागदपत्रे. आमचे लोक इथेच कंटाळतात आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जागे राहायला हवे. प्रत्येक डब्यावर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे बहुधा यू, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा. दारावर एक धातूची पाटी असते. तिच्यावर डबा कधी बनला, किती वजन पेलतो, हे कोरलेले असते. तो क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळला पाहिजे.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. परदेशी कंपन्यांचे डबे आपल्या देशात येतात ते पाहुणे म्हणून. १९९४ च्या सीमाशुल्क अधिसूचनेप्रमाणे सहा महिन्यांत परत जायच्या अटीवर त्यांच्यावर शुल्क घेत नाहीत. असा डबा इथेच विकायचा तर शुल्क भरून त्याला रीतसर इथला करून घ्यावा लागतो. म्हणून विकणाऱ्याकडून नुसते जीएसटीचे बिल घेऊन भागत नाही. शुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्रीची प्रत, मागायची. "कशाला बाई, सगळे असेच घेतात" असे उत्तर आले तर नमस्कार करून पुढच्या यार्डात जायचे. वर्गणीच्या पैशातून घ्यायच्या वस्तूचा कागद स्वच्छ असलाच पाहिजे. आणि विकल्यावर डब्यावरचा जुना क्रमांक व कंपनीचे नाव पुसून घ्यायचे, म्हणजे त्या नावावर दुसरा कोणी उद्योग करणार नाही.

किमतीबद्दल सगळे विचारतात. ती मी लिहीत नाही, कारण ती भाजीसारखी बदलते. पोलादाचा भाव चढला की चढते आणि बंदरात डब्यांची टंचाई झाली की आणखी चढते. २०२१ मध्ये करोनाच्या काळात जगभर डब्यांची अशी टंचाई झाली की जुन्यांनाही सोन्याचा भाव आला. विद्यार्थ्याचे एक वाक्य मात्र सभासदांनी लक्षात ठेवावे. "बाई, डबा घेणं सोपं. डबा हलवणं म्हणजे खरा खर्च."

का, ते सांगते. डबा रिकामा असला तरी सव्वादोन टनांचा. त्याला उचलायला यार्डात एक क्रेन लागते आणि आपल्याकडे उतरवायला दुसरी, जिला सगळे हायड्रा म्हणतात. मध्ये ट्रेलर. हायड्रा तासांवर किंवा शिफ्टवर मिळते, आणि ट्रेलर वाटेत अडकला तरी हायड्राचे घड्याळ चालूच राहते. वाट आपल्या ओळखीची : कळंबोली, तळोजा, शीळफाटा, कल्याण-शीळ रस्ता, काटई, मानपाडा. मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या या रस्त्यावर ट्रेलर किती वाजता पोहोचेल हे ज्योतिषीही सांगणार नाही. अवजड वाहनांना शहरांत ठरावीक वेळीच सोडतात आणि त्या वेळा बदलत असतात, म्हणून वाहतूक पोलिसांची त्या दिवसांची सूचना आदल्या दिवशी बघायची. किंमत लाखाच्या वर गेली तर ई-वे बिलही सोबत हवे.

खरी परीक्षा मुख्य रस्ता संपल्यावर. ट्रेलरचा पाट जमिनीपासून चार-पाच फूट वर, त्यावर साडेआठ फुटी डबा. आमच्या गल्लीत पावसाचे पाणी आणि केबलवाल्यांच्या तारा यांना उंचीची मर्यादा नाही. त्यात महावितरणच्या तारा. हायड्राचा हात त्याच्याही वर जाणार. डबा ट्रेलरवरून उतरवायला ट्रेलर, हायड्रा आणि डबा या तिघांना एकाच वेळी उभे राहता येईल अशी मोकळी जागा लागते. म्हणून डबा बघायला जायच्या आधी टेप घेऊन गल्ली मोजायची. कोपऱ्यावरचे वळण, झाडाची फांदी, गटाराचे झाकण ट्रेलरच्या वजनाने बसणार का, सगळे. आणि ट्रेलर निघताना चारही कोपऱ्यांचे लॉक लावलेले आपण डोळ्यांनी पाहायचे. 'रिकामाच तर आहे' म्हणून दोरीवर भागवलेला डबा वळणावर सुटला तर तो कोणावर पडेल याचा नेम नाही.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. डब्याचे सगळे वजन चार कोपऱ्यांवर असते, त्यामुळे पाया खणायची गरज नसते. चार काँक्रीटचे ठोकळे पुरतात. पण ते एका पातळीत हवेत. एक कोपरा दबला की सांगाडा किंचित तिरका होतो आणि दार लागेनासे होते. ठोकळे फूटभर उंच घ्यावेत, खालून वारा खेळतो आणि वाळवी चढताना दिसते. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही, त्या दिवशी जिथे पाणी भरले होते ती जागा घ्यायचीच नाही. बंद रिकामा डबा पाण्यात तरंगतो, भरलेला गळतो. दोन्ही आपल्याला नकोत.

दुसरी गोष्ट म्हणजे घाम. दिवसा डबा तापतो, रात्री छत गार पडते आणि आतल्या हवेतला ओलावा छताला थेंब होऊन लटकतो. जहाजावरचे लोक याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. कोकणपट्टीच्या हवेत पुस्तकांचा खरा शत्रू हा. उपाय महाग नाहीत. छतापासून हातभर वर वेगळा पत्रा घालून सावली करायची, बाजूंना जाळीचे झरोके बसवायचे, खोकी भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचायची, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या. आणि पुस्तके दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत भरायची. ऑगस्टमध्ये भरलेली पुस्तके सोबत ऑगस्ट घेऊन आत जातात. आत विजेची कायमची तार नको. बॅटरीवरचा दिवा पुरतो.

इतके झाल्यावर आता माझा मूळ मुद्दा. डबा ठेवायचा कुठे? शेजारच्या शाळेने मैदानाच्या कडेची जागा देऊ केली आहे. मोफत, आणि मोठ्या मनाने. पण तोंडी. आमचे लोक यावर खूश आहेत. मी अस्वस्थ आहे. ती जागा मुलांची आहे. वीस बाय आठ म्हणजे एकशे साठ चौरस फूट, त्यात आजूबाजूची वावरायची जागा धरली तर लंगडीचे एक मैदान गेले. डोंबिवलीत शाळांना मैदान असणे हीच मुळात चैन, त्यातले एक लंगडीचे मैदान आपण मागतो आहोत. मी आयुष्यभर मुलांना वाचायला लावले, पण मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला मी "जा, खेळ जरा" असेच म्हणत आले. पुस्तकांसाठी मुलांचे मैदान कायमचे गेले तर ते वाचनालय मला नको.

कोणी म्हणेल, "कायमचे कुठे? तात्पुरते आहे." या शब्दाची मला भीती वाटते. आपल्या शहरांत तात्पुरत्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही. मुंबईत म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत काही वर्षांसाठी गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी तिथेच मोठी झाली. रस्त्याच्या कडेला तात्पुरती टाकलेली टपरी, तात्पुरती पत्र्याची शेड, तात्पुरता पादचारी पूल... यादी तुम्हीच पुरी करा. या सगळ्यांच्या बाबतीत येण्याचा खर्च कोणीतरी केला होता. जाण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात नव्हता. मग जायची वेळ आली की पैसे नसतात, जबाबदार माणूस बदललेला असतो आणि वस्तू तिथेच रुजते.

म्हणून मला कंटेनर आवडला. त्याच्या चार कोपऱ्यांना उचलण्याची भोके जन्मापासून असतात. तो जाण्यासाठीच बनवलेला असतो. पण त्याला जाता यावे यासाठी दोन गोष्टी आपण पाळायला हव्यात. एक, त्याला कापायचे नाही. डब्याची ताकद खांबांइतकीच त्याच्या नालीदार भिंतींत असते. मोठ्या खिडक्या कापल्या की आतून लोखंडी चौकटी घालून ती ताकद परत द्यावी लागते, आणि तसे नीट केले नाही तर पुन्हा उचलताना डबा वाकतो. खिडक्या, एसी, टाइल्स, बाहेर फुलझाडे... सुंदर दिसेल, मान्य. पण त्या दिवशी तो डबा राहणार नाही, खोली होईल. आणि खोली कोणी उचलून नेत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून कोणी वाचणारही नाही. देवघेव दाराशी टेबल मांडून संध्याकाळी करता येईल.

दुसरी गोष्ट, परतीचे भाडे. माझी सूचना अशी आहे की डबा घेताना त्याला परत न्यायला लागणारा खर्च आजच बाजूला काढावा. हायड्रा, ट्रेलर, हमाली. भाव वाढणार म्हणून आजच्या खर्चाच्या दुप्पट. ही रक्कम वाचनालय आणि शाळा यांच्या संयुक्त नावाने मुदत ठेवीत ठेवावी. ठरलेल्या तारखेला आम्ही डबा हलवला नाही तर शाळेने त्या पैशातून तो उचलून न्यावा, आम्हाला विचारायची गरज नाही. तेवढे पैसे जमत नसतील तर डबा घेऊ नये. परतीच्या भाड्याशिवाय पाहुण्याकडे राहायला जाऊ नये, हे आपल्या घरांत आजीसुद्धा सांगत असे.

कायद्याचेही भान हवे. "पाया नाही म्हणजे इमारत नाही, चाके नाहीत म्हणजे वाहन नाही, मग परवानगी कसली?" असा युक्तिवाद मी ऐकला. चलाख आहे, पण खरा नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कशाचीही, कोणत्याही साहित्याची वास्तू इमारतीच्या व्याख्येत येते. तेव्हा तात्पुरत्या बांधकामाची परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मागावी. शिवाय शाळा सार्वजनिक न्यासाची. अशा न्यासाची बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आमच्या इमारतीचा पुनर्विकास तीन वर्षांत होईल असे बिल्डरशिवाय कोणीही म्हणत नाही. तेव्हा शाळेला अडचणीत आणणारा तोंडी व्यवहार नको. तीन वर्षांचा लेखी करार करावा. तोवर इमारत झाली नाही तर पुढच्या जागेची सोय आम्ही करावी. डबा हलणारा असेल तर ते अवघड नाही.

यावर आमच्या खजिनदारांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, "एवढे पैसे ठेवीत अडकले तर तीन वर्षे नवे पुस्तक यायचे नाही." खरे आहे. पण नवी पुस्तके तीन वर्षांनी घेता येतील. मोडलेला शब्द मात्र शाळेला परत देता येत नाही. आणि उद्या दुसरी एखादी संस्था अशीच कोपराभर जागा मागायला जाईल, तेव्हा आमचे उदाहरण देऊन तिला दार बंद होऊ नये.

सभेत मी तीन उपसूचना मांडणार आहे. शुल्क भरल्याच्या कागदाशिवाय डबा घ्यायचा नाही. झरोक्यांपलीकडे डब्याला भोक पाडायचे नाही. आणि परतीचे भाडे ठेवीत पडल्याशिवाय डबा यार्डातून हलवायचा नाही. तिन्ही मान्य झाल्या तर खोकी भरायला मी रोज दोन तास देईन, शंभर खोक्यांवरच्या याद्या माझ्या हस्ताक्षरात. तिसरी अमान्य झाली तर माझे मत ठरावाच्या विरोधात पडेल.

तुमच्यापैकी कोणी शेतावर, साइटवर किंवा संस्थेसाठी असा जुना डबा आणला असेल, विशेषतः आणून पुन्हा हलवला असेल, तर येण्या-जाण्याचा खर्च किती आला ते जरूर कळवा. येण्याचा आकडा सांगणारे खूप भेटले. जाण्याचा सांगणारे अजून कोणी भेटलेले नाही.